बाबांची बिनधुराची खोली

चर्रर्र.

पहाटेच्या शांततेत तो आवाज आला आणि रुंग अंथरुणात ताठ बसली. उंदीर नव्हता, पाल नव्हती. खिडकीच्या फटीला आदल्या संध्याकाळी लावलेली चिकटपट्टी कुणीतरी सोलत होतं. सोलणाऱ्याने मधेच थांबून खोकून घेतलं, त्यामुळे कुणीतरी म्हणजे कोण हाही प्रश्न उरला नाही.

"बाबा, ती पट्टी सोडा."

आवाज थांबला. मग अगदी हळू, बोटभर: चर्र.

"बाबा."

"मी काही करत नाहीये," भिंतीपलीकडून इन्कावबाबांचं उत्तर आलं. "आपोआप निघतेय. माल हलका दिलाय तुला."

रुंगच्या शेजारी झोपलेली पाच वर्षांची मुक कुशीवर वळली आणि झोपेतच म्हणाली, "आजोबा खोटं बोलतायत." आणि पुन्हा घोरायला लागली.

वास्तविक प्रकल्प एवढासा होता. एका माणसाला एका खोलीत बसवायचं. जगात याहून अवघड कामं रोज होतात. रुंगचा नवरा चाक्रित गावच्या वणवा-पथकात होता आणि त्या घडीला डोंगरावर, हातात आग झोडायची झाडणी घेऊन, मैलभर पेटलेल्या रानासमोर उभा होता. ते काम रुंगला आता तुलनेने सोपं वाटायला लागलं होतं. आग निदान तोंड वर करून उलट बोलत नाही.

मार्च लागला की डोंगरातलं रान पेटतं, खाली शेतांतली वाळकी धाटं पेटतात, आणि थायलंडातल्या चियांग माईच्या उशाशी असलेला तो थोरला डोंगर कुणीतरी गुंडाळून माळ्यावर टाकावा तसा दिसेनासा होतो. गेल्या वर्षी याच दिवसांत इन्कावबाबांची छाती शिट्टी वाजवायला लागली आणि तोंडावर प्राणवायूचा मुखवटा लावून त्यांना इस्पितळात ठेवावं लागलं. यंदा डॉक्टरीणबाईंनी आधीच बजावलं होतं. एक खोली धरा, फटी बुजवा, आत हवा गाळणारं यंत्र लावा आणि धूर ओसरेपर्यंत आजोबांना आत ठेवा. "पुन्हा गेल्या वर्षीसारखं झालं तर..." एवढं म्हणून त्यांनी पेनाला टोपण लावलं. ते वाक्य पुरं झालं असतं तर रुंग एवढी घाबरली नसती. त्या टोपणाच्या 'टक्'ने तिची झोप उडवली.

पण इन्कावबाबांचं म्हणणं वेगळं होतं. त्यांनी उभा जन्म बाजाराच्या तोंडाशी, नारळाच्या सोडणांच्या विस्तवावर सॉसेज भाजण्यात घालवला होता. "धुरानं मला पोसलं," ते म्हणायचे, "तुझं शिक्षण धुरानं केलं, तुझं लग्न धुरानं केलं. तो मला मारेल होय?" यावर काय बोलणार? धुराचे उपकार रुंगलाही मान्य होते. फक्त त्या धुराने लग्नानंतर मुलीच्या घरी इतके दिवस मुक्काम करू नये, एवढंच तिचं म्हणणं होतं.

आधी ती सरकारी मदत मागायला गेली होती. तालुक्याच्या कचेरीत म्हाताऱ्या माणसांसाठी हवा गाळायची यंत्रं आली होती. कारकून अतिशय सभ्य होता. त्याने दोन्ही हात जोडून नमस्कार केला, खुर्ची दिली, आणि सांगितलं की यंत्र फक्त ज्यांना घराबाहेर पडता येत नाही अशा वृद्धांनाच मिळतं. मात्र अर्जदाराने स्वतः येऊन अंगठा द्यायला हवा.

"घराबाहेर पडता येत नाही तो येणार कसा?" रुंगने विचारलं.

"तेच तर," कारकून दुःखी होऊन म्हणाला. "म्हणूनच यंत्रं शिल्लक आहेत."

घरी येऊन तिने ही हकीकत हसत हसत सांगितली, तिथेच चुकलं. दुसऱ्या दिवशी इन्कावबाबांनी इस्त्रीचा सदरा घातला, मास्क खिशात घातला (तोंडावर नाही, खिशात), स्कूटर काढली आणि कचेरीचा जिना, मधे कुठेही न टेकता, चढून गेले. "मी इन्काव," ते धापा टाकत म्हणाले. "चालत आलोय." कारकुनाने पुन्हा दोन्ही हात जोडले आणि चालत आलात म्हणजे योजनेत बसत नाही, असं कळवलं. बाबांना दुसरं काय हवं होतं? संध्याकाळी अंगणातल्या लोंगनच्या झाडाखाली बांबूच्या बाकड्यावर बसून ते रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाला सांगत होते, "सरकारने तपासलं. मला काही झालेलं नाही." सांगताना खोकत होते. ऐकणारा सहानुभूतीने मान डोलवायचा, आणि ती सहानुभूती सरकारबद्दल आहे असं बाबा धरून चालायचे.

मग रुंगने यंत्र घरीच केलं. हवेच्या चार गाळण्या चौकोनात उभ्या करायच्या, सांधे चिकटवायचे, वर पंखा आडवा ठेवायचा. चाक्रितने डोंगरावरून, मोबाइलला जिथे रेघ मिळते त्या दगडावर उभं राहून, कसं जोडायचं ते दाखवलं. मागे झाडं धुमसत होती. "पंखा उलटा बसवलायस," तो म्हणाला. "वणव्याकडे बघ," रुंग म्हणाली, आणि पंखा सुलटा केला. यंत्र सुरू झालं तेव्हा रवंथ करणाऱ्या म्हशीसारखं घुमू लागलं. भिंतीवर तिने हवेची धूळ मोजणारी डबीही टांगली. तिच्या पडद्यावर एक बाई यायची. हवा बरी असली की हिरवी हसरी बाई, बिघडली की लाल रडकी, आणि अगदीच हाताबाहेर गेली की जांभळी, मास्क लावलेली. मुकला आकडे येत नव्हते, पण बाईचा चेहरा ती लांबून वाचायची.

खोली तयार झाली. खिडक्यांना चिकटपट्ट्या, रस्त्याकडच्या खिडकीला जाड पारदर्शक प्लास्टिक, दाराच्या खाली गुंडाळलेला टॉवेल. आत बाई हिरवी हसत होती. आणि बाबा बाहेर बाकड्यावर बसले होते.

"जिवंत माणसाला अशा खोलीत ठेवत नाहीत," ते म्हणाले. "मी काय बरणीत घातलेलं बांबूचं लोणचं आहे?"

रात्री झोपायला म्हणून ते कसेबसे आत गेले आणि पहाटे ती 'चर्रर्र' झाली.

सकाळी शेजारच्या बुआलोय मावशी सल्ला घेऊन आल्या. मावशी कधी हात हलवत येत नसत. या खेपेला त्यांच्याबरोबर नऊ कुंड्या होत्या, नऊ हा आकडा शुभ म्हणून. कुंड्यांतली ती तलवारीसारखी पानं धूर खातात, असं त्यांनी सांगितलं. पानं काय खात होती कुणास ठाऊक, पण मातीतल्या लाल मुंग्यांनी दुपारपर्यंत बाबांची गादी शोधून काढली. त्यामुळे खोलीवरचा बाबांचा आक्षेप आता पुराव्यानिशी सिद्ध झाला.

"मूळ दुखणं वेगळं आहे गं," मुंग्या झटकत मावशी म्हणाल्या. "खोली नवी झाली. खिडक्या मिटल्या, दिशा बदलल्या. विहारातल्या भन्त्यांना बोलावून मंत्र म्हणवून घेतले का?"

"मावशी, चिकटपट्टी लावलीय नुसती. घर नाही बांधलं."

"नव्या स्कूटरला करतेस की नाही? मग?"

बाकड्यावरून आवाज आला, "ऐक तिचं. तोवर मी पाऊल टाकणार नाही आत."

याला म्हणतात कोंडी. रुंगला एवढंच कळत होतं की रात्रीच्या खोकल्याला हल्ली शिट्टीची साथ मिळू लागली होती. गेल्या वर्षीही शिट्टी आधी आली होती. बाबा आत जात असतील तर तिने भन्तेच काय, बँडही बोलावला असता.

विहाराचे मोठे भन्ते एकटेच आले. त्यांचं वय बाबांएवढंच. लहानपणी दोघे एकाच दिवशी मुंडण करून श्रामणेर, म्हणजे बालभिक्षू, झाले होते. इन्काव पुढच्याच उन्हाळ्यात पळून घरी आले आणि हे राहिले. त्यावरून दोघांत अजून धुसफूस होती. खोकला मात्र दोघांचा सारखा.

"आत ये रे," भन्ते म्हणाले.

"तुमचं पुरं होऊ द्या. मग येतो," बाबा बाकड्यावरून हलले नाहीत.

खोलीत भन्ते आसनावर बसले. समोर रुंग, मावशी आणि मुक. रुंगने दार लावून घेतलं. मावशींनी मेणबत्त्या लावल्या आणि उदबत्त्यांचा अख्खा जुडगा पेटवला. बुद्ध, धम्म, संघ अशा तीन पुरल्या असत्या, पण मावशींना कामात काटकसर माहीत नव्हती. मंत्राची पहिली ओळ झाली असेल नसेल, मुकने बातमी दिली, "आई, बाई लाल झाली." दुसऱ्या ओळीला, "आई, जांभळी." तिसरी ओळ भन्त्यांना म्हणताच आली नाही. ते खोकायला लागले. त्यांना पाहून मावशी खोकायला लागल्या. डबी वरून टिर्र टिर्र ओरडत होती, म्हैस जिवाच्या आकांताने घुमत होती, आणि गावातल्या एकमेव बिनधुराच्या खोलीत गावातला सगळ्यात दाट धूर झाला होता.

रुंग धावली आणि स्वतः, आपल्या हाताने, खिडकीची अख्खी पट्टी ओढून काढली.

बाहेरून बाबांचा आवाज आला. "हलका माल, म्हटलं होतं ना मी."

"विझव ते," भन्ते डोळे पुसत मावशींना म्हणाले.

"पण भन्ते, उदबत्तीशिवाय मंत्र?"

"बुद्धांना धूर लागत नाही. आपल्याला लागतो. फुलं ठेव चार."

उदबत्त्या बाहेर गेल्या, पट्टी पुन्हा लागली, दार मिटलं. म्हैस रवंथ करत राहिली. हळूहळू बाई जांभळीची लाल, लालची पिवळी आणि पिवळीची हिरवी झाली. भन्त्यांनी एक श्वास आत घेतला. मग तो किती आत जातो ते बघत असल्यासारखे थांबले. मग दुसरा घेतला.

"हं," ते म्हणाले. आणि थोड्या वेळाने पुन्हा, "हं."

रुंगने हात जोडले. "सुरू करता ना, भन्ते?"

"अडचण आहे," ते म्हणाले. "दार बंद. आत बायका. असं मला बसता येत नाही. नियम आहे. धूर होता तोवर नियमाचा विचार करायला श्वास कुठे होता."

"दार उघडं ठेवू?"

"मग ती रडेल," भन्त्यांनी डबीकडे बोट केलं. "जाणता पुरुष एक लागेल आत. घरात पुरुष कोण?"

घरातला एक पुरुष डोंगरावर होता. सगळ्यांनी प्लास्टिकमधून बाहेर पाहिलं. बाकड्यावरच्या पुरुषाने मान फिरवून लोंगनच्या झाडाचं निरीक्षण सुरू केलं.

"बाबा," रुंगने दार किलकिलं करून हाक मारली. "तुम्ही आल्याशिवाय होत नाहीये."

"झाल्यावर येतो म्हटलं ना."

"इन्काव," आतून भन्ते शांतपणे म्हणाले, "एकदा तू मला एकट्याला विहारात टाकून पळालास. आता या वयात बायकांच्या तावडीत टाकून पळतोस?"

बाबा उठले. चेहऱ्यावर असा भाव होता की हे मी कुणाचं ऐकून करत नाही, धर्मावर संकट आलंय म्हणून करतोय. आत येऊन ते दाराशी, निघायला सोपं पडेल असे, टेकले. आणि भन्त्यांनी मंत्र सुरू केले. त्यांना येत असलेला सगळ्यात लांब पाठ त्यांनी धरला. मावशींनी नंतर शपथेवर सांगितलं की त्यातला मधला भाग दोनदा झाला.

पाठ संपत आला तेव्हा रुंगला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. तिने कान दिला. भन्त्यांचा आवाज होता, यंत्राचा होता. शिट्टी नव्हती. बाबा भिंतीला टेकून, जोडलेले हात मांडीवर घसरलेले, गाढ झोपले होते, आणि त्यांची छाती अगदी साध्या माणसाच्या छातीसारखी वरखाली होत होती. रुंग बघत राहिली. मुकला लहानपणी अशीच ती पाळण्याशी वाकून बघायची, श्वास चालू आहे ना म्हणून.

"जागं करू नकोस," भन्ते हळूच म्हणाले. "उद्या येतो. नव्या खोलीला एकदा पुरत नाही."

नव्या खोलीला किती वेळा लागतं याबद्दल शास्त्र काय सांगतं ते रुंगने विचारलं नाही. मोठे भन्ते रोज येऊ लागले. ते आले की बायकांपैकी कुणी ना कुणी आत असायचीच, त्यामुळे बाबांना बसावंच लागायचं. शिवाय भन्त्यांच्या हातात बायकांनी काही द्यायचं नसतं. पाण्याचा पेला, औषधाचा फवारा, सगळं बाबांनीच पुढे करायचं. "मला कुठे हौस आहे," ते खिडकीतून रस्त्यावरच्या लोकांना सांगत. "पण त्याचा नियम. काय करता?"

मोठे भन्ते जिथे बसतात तिथे बसलं की पुण्य लागतं, ही बातमी मावशींमार्फत गावात गेली. दुसऱ्या दिवशी थोंगदी काका पट आणि बाटल्यांच्या झाकणांच्या सोंगट्या घेऊन आले. त्यांच्यामागे आणखी चार म्हातारी माणसं. भन्त्यांना खेळता येत नसे, पण बाबांची खेळी चुकली की त्यांची भुवई वर जायची, आणि थोंगदी काकांनी त्या भुवईविरुद्ध रीतसर तक्रार केली. एक आजी घामोळ्याची पावडर लावून आल्या आणि बाई लाल झाली. त्यांना दाराबाहेर झटकून पुन्हा आत घेतलं. आत मलमाचा, लवंगांचा आणि म्हाताऱ्या माणसांच्या सुखाचा असा वास कोंदला की रुंगला दर तासाला म्हशीची गाळणी तपासावी लागे. जाणारे-येणारे आता प्लास्टिकपाशी थांबून विचारायचे, "जेवलात का?" आतून सहा-सात जण एकदम उत्तर द्यायचे. बाकडं रिकामं पडलं होतं, त्यावर मावशींच्या नऊ कुंड्या ठेवल्या.

कचेरीपर्यंत कीर्ती गेली आणि तोच सभ्य कारकून छायाचित्र काढायला आला. आदर्श खोली म्हणून वर पाठवायचं होतं. फक्त आजोबांनी अंथरुणावर पडून, पांघरूण घेऊन, जरा अशक्त दिसावं, म्हणजे योजनेत बसेल.

"मी चालत आलो होतो," बाबा करारी स्वरात म्हणाले.

"तेच तर," कारकून म्हणाला.

शेवटी थोंगदी काका पडले. त्यांना दुपारी तसंही पडायचंच होतं. ते इतके सुरेख अशक्त दिसले की आठवडाभरात सरकारी यंत्र घरी आलं. त्याला मुकने म्हशीचं रेडकू म्हणायला सुरुवात केली.

एप्रिलमध्ये डॉक्टरीणबाईंनी बाबांच्या पाठीवर नळी ठेवली, हलवली, पुन्हा ठेवली. "छान," त्या म्हणाल्या. "यंदा दाखल करायची वेळ नाही यायची. काय केलंत?"

"धर्म केला," बाबा म्हणाले. बाहेर पडल्यावर रुंगने इस्पितळाच्या खांबाआड तोंड करून थोडंसं रडून घेतलं, आणि बाबांनी ते न दिसल्याचं दाखवून मक्याचं कणीस विकत घेतलं.

थाई नववर्षाच्या सणापर्यंत पाऊस आला नव्हता. डोंगर अजून दिसत नव्हता. पण सण थांबत नाही. वडीलधाऱ्यांच्या हातांवर पाणी घालून वर्षभराच्या चुका माफ करून घ्यायच्या असतात, आणि गावातल्या वडीलधाऱ्यांपैकी निम्मे रुंगच्या खोलीत असल्यामुळे सगळं गाव तिथेच आलं. आत चटयांवर म्हातारी मंडळी ओळीने बसली होती, गळ्यात मोगऱ्याचे हार. बाहेर अंगणात तरुण मंडळी शिकेकाईच्या शेंगांचं सुगंधी पाणी वाट्यांत घेऊन रांगेत. दारावर मुक होती. ती एकेकाला सोडत होती आणि प्रत्येकाला दटावत होती, "पटकन आत या. हवा जातेय."

चाक्रितही आदल्या दिवशी डोंगरावरून उतरला होता. कानांमागची काजळी अजून निघाली नव्हती. त्याने बाबांच्या हातांवर पाणी घातलं. बाबांनी ओले हात त्याच्या केसांवर पुसले आणि म्हणाले, "शंभर वर्षं जग. आणि हिने पंखा उलटा बसवला तर मी आहे." सगळे हसले. बाबाही हसले, हसता हसता खोकले नाहीत. हे फक्त रुंगने मोजलं.

दुपार कलली तसे लोक पांगले. रुंग उंबऱ्याशी रिकाम्या वाट्या गोळा करत होती. दाराशी बसून बसून थकलेली मुक तिच्या मांडीत शिरली. बाहेर अंगण, त्यापलीकडे रस्ता, त्यापलीकडे दुधात राख कालवल्यासारखं आभाळ. मुक बराच वेळ त्याच्याकडे बघत होती.

"आई, सकाळपासून आपली किती चांगली हवा बाहेर गेली ना?"

"गेली की. एवढे लोक आले, गेले."

"काल पण गेली. परवा पण."

"हो गं."

मुकने मान वळवून आईच्या तोंडाकडे पाहिलं.

"मग बाहेर कधी भरणार?"